एकदाच उतरलेला भाव

धुळ्याच्या बसस्थानकावर ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी गाड्यांची वाट पाहिली आहे, त्यांना लताबाईंचा चेहरा आठवणार नाही; आवाज मात्र आठवेल. चौकशीच्या खिडकीला बारीक जाळी होती, जाळीमागे अंधार, आणि त्या अंधारातून येणारा एक सपाट, कधीही न चिडलेला आवाज. "शिरपूर पाच वीस. फलाट सहा. जागा मिळेल." संपले. मी शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्यातून कॉलेजसाठी धुळ्याला येत असे, तेव्हा माझा प्रत्येक शनिवार त्या आवाजावर अवलंबून असे. पुढे याच शहरात प्राध्यापकी मिळाली, देवपुरात घर घेतले, आणि सामान लावत असताना समोरच्या ओट्यावरून तोच आवाज आला: "सर, कचऱ्याची गाडी साडेसातला येते. ओला वेगळा ठेवा." मी जागच्या जागी उभा राहिलो. सवयीने फलाट क्रमांक ऐकायची वाट पाहिली असावी.

लताबाईंचे यजमान एसटीत वाहक होते. ते आजारपणात अकाली गेले आणि अनुकंपा तत्त्वावर लताबाईंना नोकरी मिळाली, तेव्हा ललित पाच वर्षांचा होता आणि मोहिनी दोन वर्षांची. एक आठवडा सकाळपाळी, एक आठवडा दुपारपाळी. मुलांकडे पाहायला घरात कोणी नव्हते. यजमानांची मोठी बहीण भिकुबाई जामनेरला एका खोलीत एकटी राहत असे. तिचा नवरा आधीच वारला होता, मूलबाळ नव्हते. दहाव्या दिवसाला ती धुळ्याला आली ती खोलीला कुलूप लावूनच. तेरा वर्षे राहिली. मुलांचे डबे, गोवर, शाळेचे मेळावे, सगळे तिने केले. ललित बारावी झाला त्याच महिन्यात तिने पिशवी भरली. सगळ्यांनी थांबवले, तेव्हा म्हणाली, "मनं घर उंदीरस्ले देऊ का?" आपले घर उंदरांना सोडायला ती तयार नव्हती. गेली. जामनेरला पन्नास वर्षे काढूनही तिची बोली माहेरचीच राहिली आहे.

या भिकुबाईंना सगळे अक्का म्हणतात. आता त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि गेल्या दोन वर्षांत त्यांची नजर जवळजवळ गेली. लताबाईंनी त्यांना धुळ्याला आणायचे सगळे प्रयत्न केले. अक्का येईनात. शेवटी गेल्या डिसेंबरात अक्कांच्या भिंतीला भिंत लागून असलेले लोटन नाना नावाच्या गृहस्थांचे दोन खोल्यांचे घर विकायला निघाले. लताबाई पहिल्या गाडीने जामनेरला गेल्या आणि अक्कांना म्हणाल्या, मी शेजारी येते. अक्कांनी बराच विचार करून परवानगी दिली.

"शेजारे ऱ्हाय," त्या म्हणाल्या. "डोकावर नको."

लोटन नानांनी शब्द दिला की मे महिनाअखेरपर्यंत घर दुसऱ्या कोणाला दाखवणार नाही. एक जूनला मात्र जो येईल त्याचे. लताबाईंकडे पैसा म्हणजे धुळ्याचे घर. ते विकले तर जामनेरचे घेता येणार होते. म्हणजे हातात पाच महिने होते.

संक्रांतीनंतर फाटकावर पाटी लागली. आमच्याच गल्लीतले एक घर दिवाळीत चाळीस लाखांना गेले होते. लताबाईंच्या घराला पुढे अंगण जास्त, म्हणून त्यांनी बेचाळीस सांगितले. घरे विकून देणारा हितेंद्र हा चाळिशीचा, बोलका, मनाने चांगला माणूस. तो लताबाईंना मावशी म्हणतो आणि त्यांच्यासमोर पाय हलवत बसत नाही. त्याने पहिल्याच दिवशी सांगितले, "मावशी, बेचाळीस पाटीवर. मनात अडतीस धरा."

"मनात काय धरायचं ते माझ्यावर सोड," लताबाई म्हणाल्या. "तू माणसं आण."

माणसे येऊ लागली. बहुतेक शिंदखेडा, साक्री, शिरपूर भागातली शेतकरी कुटुंबे. मुलांच्या शाळेसाठी शहरात घर पाहणारी. लताबाई त्यांना घर दाखवत नसत. "फिरा," एवढेच म्हणत आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहत. ते गेले की जुन्या डायरीत दोन-तीन ओळी लिहीत. मला वाटले, नावे आणि फोन नंबर असतील. मार्चच्या सुरुवातीला त्यांनी डायरी माझ्यापुढे ठेवली तेव्हा कळले, त्यात फक्त प्रश्न होते. कोणी काय विचारले, आणि कोणत्या प्रश्नानंतर विचारणे थांबले.

"खिडकीवर सव्वीस वर्षं प्रश्नच ऐकले, सर," त्या म्हणाल्या. "जो चार गाड्या विचारतो तो जात नाही. जो एकच गाडी तीनदा विचारतो त्याला जायचंच असतं."

त्या वेळी हितेंद्रही ओट्यावर बसला होता आणि वैतागला होता. "मावशी, अकरा पार्ट्या दाखवल्या. अकरा! एवढ्यात पोरीचं लग्न ठरतं."

"तुझं ठरलं का रे?"

"माझं राहू द्या. भाव दोन लाख उतरवा, आठ दिवसांत माणूस उभा करतो. नाहीतर त्या पाटीवर चिमण्या घरटं करतील."

"भाव जास्त आहे असं कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात."

"डायरीत नाही." लताबाईंनी पाने उलटली. "अकरांपैकी दोघांनीच भाव कमी करायला सांगितलं. बाकीचे नऊ भावावर काही न बोलता गेले. भाव जड वाटला की माणूस घासाघीस करतो, हितेंद्र. न बोलता जातो त्याचं दुसरंच काही असतं. हे बघा सर, काय आहे ते."

मी वाचले. आठ ठिकाणी एकच प्रश्न होता आणि आठही ठिकाणी तो बाईमाणसाने विचारला होता. *गच्चीवर कसं जातात?* त्यापुढे काही नाही.

त्या घराला जिना नव्हता. मागच्या परसातून गच्चीवर एक लोखंडी शिडी गेली होती, जवळजवळ सरळ उभी. यजमानांनी घर बांधले तेव्हा पैसे संपले म्हणून शिडी लावली. जिना पुढे करू असे ठरले होते. आमच्याकडे बाईच्या हिशेबी गच्ची ही घरातली सगळ्यांत मोठी खोली असते. चैत्रात तिथे कुरडया, पापड आणि बिबडे वाळतात, वैशाखात अंथरुणे पडतात. नवरे खोल्या मोजत होते, नळ सोडून पाहत होते; बायका परसात येऊन शिडीकडे पाहत होत्या आणि मनातल्या मनात घर सोडून देत होत्या.

"अठ्ठावीस वर्षं मी दोरीला बादली बांधून कुरडयांचा चीक वर ओढला," लताबाई म्हणाल्या. "मला सवय झाली, म्हणून मला ती शिडी दिसलीच नाही. चूक माझी आहे. भाव काय करील त्याला?"

हितेंद्रने कपाळाला हात लावला. विकायच्या घरावर खर्च करणारा माणूस त्याने पाहिला नव्हता. पण तीन दिवसांत झिपरू मिस्त्री सिमेंटचा जिना बांधायला आला. मी सुट्टीच्या दिवशी पाहायला गेलो, तेव्हा लताबाई विटांच्या कच्च्या पायऱ्यांवर दोन्ही हातांत भरलेली परात घेऊन चढत होत्या.

"ताई, कठडा तर लावणारच आहे," झिपरू खालून ओरडला. "धरून चढा ना!"

"कशानं धरू? कुरडयांच्या दिवशी बाईचे दोन्ही हात परातीलाच असतात. पायरी अजून बोटभर खाली घे."

त्याने सगळ्या पायऱ्यांची उंची बोटभर कमी केली. एक पायरी वाढली. कुरकुर करत का होईना, त्याने काम देखणे केले. आजही मी त्या जिन्याकडे पाहतो तेव्हा वाटते की आपल्याकडच्या घरांत राहणाऱ्या बाईला विचारून बांधलेला भाग बहुधा एवढाच असेल.

मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत आणखी सहा कुटुंबे आली. आता डायरीतले प्रश्न बदलले. बायका गच्चीवर जाऊन लवकर उतरेनात. पुरुष खाली येऊन भाव विचारीत, फोनवर घरी बोलत, पुन्हा भाव विचारीत. एकाने तर फाटकापासून परत येऊन तिसऱ्यांदा विचारला. आणि सहाही जण परत आले नाहीत.

"आता मात्र भावच," लताबाई स्वतःहून म्हणाल्या. "यांना जायचं आहे, पण तिकीट परवडत नाही."

हितेंद्रचा चेहरा उजळला. त्याने लगेच योजना मांडली: आज एक लाख उतरवू, पंधरा दिवस पाहू, मग आणखी एक, मग पन्नास हजार. बाजारात असेच करतात. लताबाईंनी ऐकून घेतले आणि नाही म्हणाल्या. का, ते त्यांनी सांगितले. त्यांच्या नोकरीतली एकच गोष्ट मी त्यांच्या तोंडून पूर्ण ऐकली आहे, ती ही.

खिडकीवर बसून त्यांना वर्षभर झाले असेल. एका दुपारी वादळ झाले आणि दोंडाईच्याच्या रस्त्यावर झाड पडून वाहतूक अडली. एक म्हातारा खिडकीशी आला. दोंडाईच्याची गाडी कधी, म्हणून. त्यांनी सांगितले, दहा मिनिटांत. गाडी केव्हा येईल हे त्यांना माहीत नव्हते. माणूस नाराज होऊ नये म्हणून सांगितले. दहा मिनिटांनी तो पुन्हा आला. पुन्हा दहा मिनिटे. असे पाच वेळा. बाहेर काळीपिवळी जीप लांबच्या रस्त्याने जायला भरत होती, तो बसला नाही. कारण गाडी दहाच मिनिटांत येणार होती. त्याचा भाऊ वारला होता. तो पोचला तेव्हा सगळे आटोपून लोक घरी परतले होते.

"आठ दिवसांनी आला तो," लताबाई म्हणाल्या. "मला वाटलं, आता शिव्या देईल. हात जोडून म्हणाला, बाई, आज खरं सांगजो. बस, एवढंच. त्या दिवसापासून मी दहा मिनिटं हा शब्द सोडला. उशीर असेल तर एकदाच, पूर्ण सांगायचा. दोन तास तर दोन तास. माणूस चिडतो, पण त्याला त्याचं ठरवता येतं. भावाचंही तसंच, हितेंद्र. थोडा थोडा उतरवला की येणारा म्हणतो, थांबू, अजून उतरेल. मग तोही फलाटावर, मीही फलाटावर."

त्यांनी बेचाळीसचे एकदम अडतीस करायचे ठरवले. त्याखाली एक रुपया नाही. आणि ते आजच नाही, तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी.

हितेंद्रला ते मुळीच पटले नाही. सणासुदीला कोण घर बघतो? लताबाईंचे म्हणणे वेगळे होते. आखाजीला लेकी माहेरी जातात. शहरातली लेक खेड्यात जाते, या गावची त्या गावाला. दोन-चार दिवस झोके, गाणी आणि बोलणे. शेतावरचा सालदार आखाजीला ठरतो, शेताचा वाटा आखाजीला ठरतो. वर्ष पुढे कसे न्यायचे हे घरोघर तेव्हाच बोलले जाते. "आपल्या गल्लीतून पाच लेकी माहेरी जातायत," लताबाई म्हणाल्या. "भाव त्यांच्यासोबत जाऊ दे. तुझ्या मोबाइलपेक्षा लांब जाईल."

ठरल्या दिवशी त्यांनी पाटीवरचा आकडा स्वतः रंगवला आणि खाली लिहिले: यात बदल होणार नाही. मग गल्लीतल्या पाचही घरी जाऊन आखाजीसाठी केलेल्या सांजोऱ्या दिल्या. माझी पत्नी त्या पाचांपैकीच. ती माहेरी दोन दिवस झोक्यावर बसून हेच बोलत होती असे तिने मला नंतर सांगितले, जरासे लाजून.

आखाजी झाली. पंधरा दिवस कोणीही आले नाही. हितेंद्र रोज चक्कर मारी आणि पाटीकडे पाहून मान हलवी. पुण्याहून ललितचा फोन आला: आई, पस्तीसला देऊन टाक, उरलेलं मी बघतो. लताबाई म्हणाल्या, "तू तुझं बघ, बाळा." मे महिन्याची मधली तारीख उलटली.

सतरा तारखेला प्रेमराज आणि रत्ना हे जोडपे आले. शिंदखेड्याजवळच्या खेड्यात त्यांची कापसाची शेती. रत्नाने घराची माहिती माहेरी, आखाजीच्या झोक्यावर ऐकली होती. ती जिना चढून गेली आणि वीस मिनिटे खाली आली नाही. उतरली तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, पण तीनदा विचारला: शाळा उघडायच्या आत ताबा मिळेल का? प्रेमराजला बँकेचे कर्ज लागणार होते. मंजुरी शनिवारपर्यंत मिळेल, रविवारी पंचवीस तारखेला पत्र आणि इसार घेऊन येतो, असे तो म्हणाला. लताबाई म्हणाल्या, "रविवारी सूर्य मावळेपर्यंत घर तुमचं आहे." काही लिहून घेतले नाही.

गुरुवारी हितेंद्र जवळजवळ धावत आला. नंदुरबारचा एक व्यापारी. एकोणचाळीस देतोय. एक लाख वर! इसार आज संध्याकाळी.

"रविवारपर्यंत थांबेल का?"

"मावशी, तो कशाला थांबेल? वाडीभोकर रस्त्याला दुसरं घर बघून ठेवलंय त्यानं."

"मग त्याला ते घेऊ दे."

हितेंद्रचा आवाज चढला. मी प्रथमच त्याला त्यांच्यावर रागावलेले पाहिले. "बँकेनं नाही म्हटलं तर? रविवारनंतर सहा दिवस उरतात! जामनेरचं घर गेलं तर अक्कांकडे कोण बघणार? त्या पोरांना फोन करून सांगा, अडचण आली. काही लिहून दिलंय का तुम्ही?"

लताबाईंनी हातातली चहाची बशी खाली ठेवली. मग त्यांनी अक्कांना फोन लावला आणि ऐकू यावे म्हणून मोठा आवाज ठेवला. सगळे सांगितले. व्यापारी, एक लाख, रविवार, लोटन नाना. आणि म्हणाल्या, "अक्का, मी चुकले तर तुमच्या शेजारी दुसरंच कोणी येईल."

"तू कोनले टाईम देयेल शे?" अक्कांनी विचारले.

"एका पोरीला. लहान मुलं आहेत तिला."

"मंग दे तिले. मी कोठे पळी जास?"

शुक्रवारी व्यापाऱ्याने दुसऱ्या घराचा इसार दिला. म्हणजे आता एकच दार उरले.

रविवारी मी सकाळपासूनच त्यांच्या ओट्यावर होतो; हितेंद्रही होता. दहा वाजले, बारा वाजले. प्रेमराजचा फोन लागत नव्हता. चार वाजता हितेंद्र उठून फाटकापर्यंत गेला आणि परत आला. पाच वाजता त्याने पुन्हा तेच केले. लताबाई तांदूळ निवडत होत्या. मी काही सांत्वनाचे बोलणार होतो, पण त्यांनी हात वर केला.

"फोन लागत नाही, म्हणजे गाडीत असतील. सोबत कोणी म्हातारं माणूस असेल, नाहीतर मोटरसायकलवर केव्हाच आले असते. साडेचारची शिंदखेडा सहा पाचला स्टँडवर लागते. तिथून रिक्षाला वीस मिनिटं. साडेसहापर्यंत कोणी काही बोलू नका."

सहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी रिक्षा फाटकाशी थांबली. प्रेमराज, रत्ना, आणि त्यांच्यामागे पांढरी टोपी सावरत उतरणारे प्रेमराजचे वडील, भटू आबा. घर पाहिल्याशिवाय पैसे देऊ देणार नाही असा त्यांचा हट्ट, आणि मोटरसायकलवर ते बसत नाहीत.

आबांनी घर पाहिले. भिंतींवर बोटांनी टकटक केली. जिना मात्र न थांबता चढले आणि उतरले. मग ओट्यावर बसून त्यांनी टोपी काढली आणि सौदा करणाऱ्या माणसाच्या सावध सुरात विचारले, "बाई, भाव आखो उतरी का?"

प्रेमराजच्या हातात पाकीट होते. हितेंद्रच्या डोळ्यांत सरळ दिसत होते, पन्नास हजार सोडा, मावशी, आणि मोकळ्या व्हा. सूर्य समोरच्या घरामागे गेलेला होता.

"नाही, आबा. अडतीस. हाच शेवटचा."

आबांनी मान वर केली. त्यांनी लताबाईंकडे पाहिले नाही. कान त्यांच्याकडे केला.

"तू स्टँडवर व्हतीस का? खिडकीवर?"

"होते."

आबांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग मुलाकडे वळून म्हणाले, "दी टाक पैसा. हाऊ आवाज मी वीस वरीस ऐकेल शे. या बाईनी सांगेल टाईम कधी चुकना नही." आणि लगेच, आपण फार मऊ झालो असे वाटून की काय, पुढे म्हणाले, "पन दारना रंग खराब शे. तो तू दी दे."

"दारं उद्या रंगवून देते," लताबाई म्हणाल्या.

त्यांनी दुसऱ्या दिवशी दारे रंगवून घेतली. एकोणतीस तारखेला त्यांनी लोटन नानांच्या हातात इसार ठेवला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका छोट्या टेंपोत त्यांचे सामान मावले. लोखंडी शिडी त्यांनी सोबत नेली नाही, झिपरूला दिली.

जुलैत कॉलेजच्या कामासाठी जळगावला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून जामनेरला जाऊन आलो. दोन घरांचे ओटे आता जोडलेले आहेत. मधली कमरेएवढी भिंत लोटन नानांनीच काढून दिली. अक्का त्यांच्या बाजूला खाटेवर बसल्या होत्या. माझी चाहूल लागताच त्यांनी मान वळवली, नाव विचारले, गाव विचारले, गावातली दोन घरे विचारली आणि मगच बसायला सांगितले. मी लताबाईंबद्दल काही चांगले बोलू लागलो तेव्हा त्यांनी मला मध्येच तोडले.

"लता!" त्यांनी शेजारच्या दाराकडे आवाज दिला. "पाव्हना येयेल शे. चहाले कितला येळ?"

आतून स्टोव्हच्या आवाजावर तोच सपाट आवाज आला.

"सात मिनिटं, अक्का."

अक्कांनी समाधानाने पाय वर घेतले. "आते बोल तू," त्या मला म्हणाल्या. "सात मिन्ट शेत."